धामणीचं धनुष्य, बारापदरी दोरी

धनुष्य माझ्याकडे आलं तेव्हा दोरी ठणठणीत होती. इजा झाली होती लाकडाला. वरच्या टोकाच्या खाचेत सुरी फिरवल्यासारखी बारीक रेघ पडली होती आणि तिच्या तळापासून मुठीच्या दिशेनं पाऊण इंचाची उभी चीर गेली होती. नखाला लागायची, पण डोळ्याला धड दिसत नव्हती. काजळ चोळून फडक्यानं पुसल्यावर चिरेत काळी रेघ राहिली, तेव्हा खात्री पटली.

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी रोज संध्याकाळी मुलांकडून तिरंदाजीचा सराव करून घेतो. आमच्याकडे सगळे ‘इंडियन राउंड’वाले, म्हणजे लाकूड-बांबूचं धनुष्य आणि ३० व ५० मीटरचं अंतर. २०२३ मध्ये बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे जागतिक विजेते झाले, त्यानंतर मैदानावर लेकरं वाढली. त्यांची धनुष्यं यंत्रासारखी, कप्प्यांची. तसलं धनुष्य घ्यायची ऐपत आमच्यातल्या एकाचीही नाही. म्हणून लाकडी धनुष्य नीट जपणं हा आमच्याकडे सरावाचाच भाग आहे.

हे धनुष्य अकरावीतल्या एका मुलीचं. किनवटकडच्या एका कारागिरानं केलेलं, पोटाला, म्हणजे ओढणाऱ्याकडच्या बाजूला, धामण नावाच्या झाडाचं लाकूड आणि पाठीला बांबूची पट्टी. धामणीला संस्कृतात धनुर्वृक्ष म्हणतात, आणि ते नाव फुकाचं नाही. हे लाकूड वाकतं, उसळतं आणि लवकर हार मानत नाही. टोकापासून टोकापर्यंत लांबी ६६ इंच. मुलीची ओढ, म्हणजे दोरी मागे खेचायचं अंतर, २७ इंचांची. धनुष्य मुठीवर टांगून दोरी ताणकाट्यानं तेवढी ओढली तर काटा साडेसोळा किलोच्या आसपास येई, म्हणजे ३६ पौंड. पुढचा सगळा हिशोब या तीन आकड्यांवर उभा आहे, म्हणून ते आधीच सांगून ठेवले.

चीर पडेपर्यंत काय काय घडलं, ते तिच्याकडूनच विचारून घेतलं. कारागिरानं दिलेली दोरी नायलॉनची होती, शेतीच्या दुकानात मिळते त्या पिळाच्या सुतळीची. तिची तक्रार एकच, की दुपारनंतर बाण खाली पडतात. सकाळी दोरी चढवली की मुठीपासून दोरीपर्यंतचं अंतर, ज्याला आम्ही ब्रेस हाइट म्हणतो, साडेसहा इंच भरायचं. तासाभरात तेच पावणेसहावर यायचं. अंतर कमी झालं की दोरी मनगटाच्या आतल्या बाजूला चाटते. पोरीच्या हातावर निळे वळ होते आणि घरी ती बाह्या खाली ओढून हिंडत होती. नायलॉनचा हा स्वभावच आहे. तुटायच्या आधी ते बरंच लांब होतं, आणि एप्रिलच्या उन्हात आणखी लवकर ढिलं पडतं.

मग एका ओळखीच्या खेळाडूनं तिला आपल्याजवळची ‘फास्ट फ्लाइट’ची दोरी दिली. ही दोरी १९८० च्या दशकात आलेल्या, पॉलिथिलीनपासून केलेल्या तंतूंची. वजनाला हलकी, ताकदीला अफाट, आणि तुटेपर्यंत जेमतेम तीन-चार टक्के ताणणारी. आठ पदरांची ती दोरी हातात घेतली तर पतंगाचा मांजा दुपदरी केल्यासारखी वाटत होती. पहिल्याच दिवशी ३० मीटरवर बाण जवळजवळ वीतभर वर लागले. ब्रेस हाइट दिवसभर एका रेषेनं हलली नाही. मुलगी खूश झाली आणि देणाऱ्यालाही समाधान वाटलं. त्याला मी दोष देत नाही, त्यानं आपल्याजवळचं चांगलं तेच दिलं. दीड-दोन आठवड्यांनी बाण सोडताना टोकाकडून ‘टक’ असा आवाज येऊ लागला, तेव्हा ती धनुष्य घेऊन माझ्याकडे आली.

सोबत तिचे आजोबा होते. साठ वर्षं शेती केलेला माणूस. चीर त्यांनी बोटानं चाचपली, दोरी दोन बोटांत चुरगाळून पाहिली आणि म्हणाले, “सर, दोर तुटंना म्हणून लाकूड तुटलं. बैलाला तारंचं दावं बांधतं का कुणी?”

या सगळ्या प्रकरणाचं मर्म मला त्या एका वाक्यात सापडलं. दोरी निवडताना आपण दोरीची ताकद बघत बसतो. बघायचं असतं धनुष्याचं टोक. बाण सुटतो तेव्हा दोन्ही पाती, म्हणजे मुठीच्या वरचा आणि खालचा वाकणारा भाग, झपाट्यानं पुढे येतात आणि दोरी ताठ झाली की एका क्षणात थांबतात. त्या थांबण्याचा हिसका कुठेतरी जिरायला लागतो. दोरी थोडी ताणली तर ती त्यातला वाटा स्वतःकडे घेते. ताणलीच नाही तर तो सगळा टोकाच्या खाचेवर येतो. त्यातून दोरी बारीक असेल तर तोच जोर अर्ध्या रुंदीवर पडतो आणि लाकडात रुतत जातो. अशा दोरीसाठी बनवलेल्या धनुष्यांच्या टोकांवर फायबर किंवा शिंगाचं कवच बसवलेलं असतं. आमच्या धनुष्यावर नुसती खाच होती, आणि ती खाच बांबूच्या पाठीचे तंतू आडवे कापून केलेली. ताण सोसणारे तंतूच जिथे कापलेले आहेत, तिथून चीर निघणार नाही तर कुठून निघेल?

म्हणून कागदावर पहिला प्रश्न लिहिला: हे टोक काय सोसू शकतं? दोरी कशाची, तिला पदर किती आणि पीळ किती, हे प्रश्न त्याच्या खाली.

इथे शब्दांचा घोळ आधी निस्तरतो, कारण मुलं ‘पदर’ आणि ‘पेड’ सरसकट एक करतात. रिळावरून निघतो तो एक धागा म्हणजे पदर. काही पदर एकत्र करून जी लड पिळतात तो पेड. दोन किंवा तीन पेड एकमेकांवर उलटे वळले की दोरी. आमची झाली ती बारापदरी, दोनपेडी. ताकद पदरांवरून ठरते, गोलाई आणि बैठक पेडांवरून.

कशाची दोरी हे ठरवायला वेळ लागला नाही. नायलॉन बाद. फास्ट फ्लाइटही बाद, पण त्यावर थोडं बोलायला हवं, कारण मोठी मुलं अजून त्यावर वाद घालतात. ही दोरी लाकडी धनुष्याला कधीच चालत नाही असं नाही. टोकाला कवच असेल, टोकाच्या खाचेत अडकणाऱ्या फासाजवळ जादा पदर भरून ती जागा जाड केलेली असेल आणि धनुष्य करणाऱ्यानं स्वतः हो म्हटलेलं असेल, तर जरूर लावावी. आमच्याकडे या तिन्हीतलं एकही नव्हतं. पात्यांत कुठला डिंक आहे हेसुद्धा माहीत नव्हतं. अशा वेळी वीतभर वर लागणाऱ्या बाणासाठी सबंध धनुष्य पणाला लावणं मला पटत नाही.

उरलं डेक्रॉन. डेक्रॉन म्हणजे पॉलिस्टर. १९५० च्या दशकापासून धनुष्याला लागत आलेला धागा, आणि साध्या लाकडी टोकासाठी आजही तोच खात्रीचा. तुटायच्या आधी ते बारा-पंधरा टक्के ताणतं. नायलॉनपेक्षा कमी, फास्ट फ्लाइटच्या कितीतरी पट. या प्रकरणात तो ताण औषधासारखा उपयोगी होता. आमच्या तालुक्यात मिळत नाही, म्हणून पाव पौंडाचं एक रीळ कुरिअरनं मागवलं. एका रिळात डझनाहून जास्त दोऱ्या होतात.

पदर किती, इथे मात्र गंमत आहे. जुना ठोकताळा असा, की दोरीची तुटायची ताकद धनुष्य ओढायला लागणाऱ्या जोराच्या निदान चौपट हवी. आमचं धनुष्य ३६ पौंडांचं, म्हणजे १४४ पौंड. डेक्रॉनचा एक पदर साधारण ५० पौंडांना तुटतो. या हिशोबानं तीन पदर पुरले! मुलीनं हा हिशोब स्वतः मांडला आणि माझ्याकडे बघत राहिली, कारण बारा पदर घ्यायचे हे मी तिला आधीच सांगून ठेवलं होतं.

चौपटीचा नियम वाखाच्या, सुताच्या दोऱ्यांसाठी आहे. तिथे ताकद हीच अडचण असते. डेक्रॉनमध्ये ताकद मुबलक आहे, अडचण जाडीची आहे. तीनपदरी दोरी तुटणार नाही, पण टोकात रुतेल, बोटं कापेल, बाणाच्या नॉकमध्ये, म्हणजे दोरीवर बसणाऱ्या मागच्या खाचेत, खुळखुळेल, आणि ताण थोड्याच पदरांवर आल्यानं नायलॉनसारखी लांबत राहील. म्हणून डेक्रॉनसाठी चालत आलेलं माप वेगळं आहे. ३० पौंडांपर्यंत आठ पदर, ३५ पर्यंत दहा, ४५ पर्यंत बारा, ५५ पर्यंत चौदा आणि त्यावर सोळा. आमचं धनुष्य नेमकं दहा आणि बाराच्या सीमेवर.

मग तिन्ही करून पाहिल्या: दहा, बारा आणि चौदा. मधल्या भागावर सर्व्हिंगचा, म्हणजे दोरी झिजू नये म्हणून वरून गुंडाळायचा, दोरा तिन्हींना एकच. दहापदरीवर नॉक बसायचा, पण बाण खाली टांगला की आपोआप गळायचा. ओढताना नॉक सुटला तर बाणाविनाच दोरी सुटते आणि सगळा हिसका पात्यांना बसतो. आधीच चिरलेल्या धनुष्यावर हा धोका नको. चौदापदरीवर नॉक अंगठ्यानं दाबून बसवावा लागे आणि सुटताना बाण डावीकडे झटका खाई. बारापदरीची मधली जाडी सर्व्हिंगसकट अडीच मिलिमीटर भरली. नॉक ‘कट’ करून बसायचा, बाण दोरीवर उलटा लोंबायचा आणि दोरीवर टिचकी मारली की पडायचा. हवं होतं ते हेच.

जास्त पदर घातले की दोरी जड होऊन बाण मंदावतो, अशी भीती मुलांना असते. ते मोजून पाहिलं. बारापदरी दोरी सराफी काट्यावर साडेसहा ग्रॅमच्या आसपास, चौदापदरी तिच्याहून जेमतेम एक ग्रॅम जड. दोरीचा मधला भाग बाणाच्या वेगानं पळतो आणि फासाकडचा जवळजवळ जागेवर असतो, म्हणून दोरीच्या वजनाचा साधारण तिसरा हिस्साच बाणाच्या वजनात मिळवायचा असतो. एक ग्रॅमचा तिसरा हिस्सा! बाण आमचा २८ ग्रॅमचा. एवढ्याशा फरकानं ३० मीटरवर काहीही बिघडत नाही. वेगात खरा फरक पडतो तो धागा किती ताणतो त्यानं. पदरांच्या संख्येवर वेगासाठी भांडायचं कारण नाही. ती नॉक आणि टोकाच्या खाचेसाठी ठरवायची.

दोरी वळायला बसलो ती संध्याकाळ मला फार आवडली. सहा-सहा पदरांच्या दोन लडी कापल्या. प्रत्येक पदर शेजारच्यापेक्षा अर्धा इंच आखूड, म्हणजे शेवटी उंदराच्या शेपटीसारखी निमुळती होते आणि जोडाशी गाठोडं होत नाही. लडींना मेण चोळलं. आमच्याकडे मे महिन्यात पारा चव्वेचाळीसला टेकतो, नुसतं मधमाशीचं मेण पाघळून बोटांना लागतं, म्हणून त्यात थोडी राळ वितळवून घातली होती. फासाच्या जागी प्रत्येक पेडात दोन-दोन आखूड पदर जादा भरले. मधे दोरी बारापदरीच, पण टोकाशी सोळा पदरांची उशी. मग एक पेड अंगठा-तर्जनीत धरून पलीकडे पिळायचा आणि दुसऱ्या पेडावरून अलीकडे आणायचा. पुन्हा दुसरा पलीकडे पिळायचा, अलीकडे आणायचा.

आजोबा पायरीवर बसून बघत होते. दोन-चार वेढे झाले आणि त्यांनी माझ्या हातातून दोरी काढूनच घेतली. “हे तर आपलं चऱ्हाटच की! पेडाला एक पीळ, दोराला उलटा. मला वाटलं, काय नवं काढलंय की.” आणि खरंच, माझ्या दुप्पट वेगानं त्यांनी फास वळून दिला. पोळ्याआधी अंबाडीचा वाख सोलून कासरे आणि दावी वळण्यात ज्यांचा जन्म गेला, त्यांना मी काय शिकवणार? हातातला पीळ एकसारखा. माझ्या फासात तीन ठिकाणी पदर ढिले राहिले होते, त्यांच्या फासात एकही नाही.

एक गोष्ट मात्र त्यांना मी दाखवली. वळून झालेली दोरी लगेच धनुष्यावर चढवायची नाही. लिंबाच्या फांदीला अडकवून खाली पाण्याचे वीस-वीस लिटरचे दोन जार रात्रभर टांगले. सकाळी उतरवली तर दोरी पाऊण इंच लांब झालेली. हे लांबणं फांदीवरच उरकलेलं बरं. नंतर चोवीस वेढे पीळ देऊन चढवली तेव्हा ब्रेस हाइट सहा इंच तीन सूत (आठ सुतांचा एक इंच) भरली. मुलीनं अंगठा ताठ धरून मूठ लावून पाहिली, मुठीच्या तळापासून अंगठ्याच्या टोकापर्यंत अंतर बरोबर बसलं. टेप नसला तरी तिला हे माप मैदानावर घेता येईल.

टोकाची दुरुस्ती या सगळ्याच्या आधी झाली होती. चिरेत पातळ डिंक उतरवला, आवळून बांधला, वाळल्यावर खाचेच्या खाली सुती दोरा इपॉक्सीत भिजवून बारा वेढे गच्च गुंडाळले. पाठीवर बाभळीच्या गाभ्याचा छोटा तुकडा चिकटवला. शिंग मिळालं असतं, पण ज्या लाकडाची औतं होतात ते मला पुरेसं टणक वाटलं. नवी खाच त्या बाभळीतच गोल कानशीनं केली, चार मिलिमीटर रुंद, कुठेही धारदार कड न ठेवता. बांबूच्या तंतूंना आता दोरी शिवतही नाही. जुन्या खाचेचा कोना मी आरशासमोर धरून पाहिला तेव्हा जाणवलं, की ती कापणारी कड तशीच राहिली असती तर डेक्रॉननंही आज ना उद्या तिथेच चीर पाडली असती, फक्त महिने लागले असते.

निकाल असा. फास्ट फ्लाइटनं बाण जिथे लागत होते त्याच्या चार बोटं खाली आता लागतात. निशाणा तेवढा वर धरायची सवय तिला तीन दिवसांत झाली. ‘टक’ आवाज गेला. मुठीतला झटका कमी झाल्याचं तिनं आपणहून सांगितलं. पहिल्या आठवड्यात ब्रेस हाइट दोन सूत उतरली, दोन वेढे जादा पीळ दिल्यावर जागेवर आली आणि मग तिथेच राहिली. हातावरचे वळ गेले, आणि माझ्या दृष्टीनं या हिशोबातली सगळ्यात मोठी जमा हीच.

आजोबांचं समाधान मात्र झालं नव्हतं. विकतच्या धाग्याविना पूर्वीची माणसं काय लावत होती, हे त्यांना हवं होतं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात धनुष्याच्या दोरीसाठी मूर्वा, अर्क, शण, गवेधु, वेणू आणि स्नायू अशी यादी आहे. मूर्वेवरूनच दोरीला मौर्वी हे नाव पडलं. अर्क म्हणजे आपली रुई, शनिवारी मारुतीला जिची पानं वाहतो ती. शण म्हणजे ताग, जो आपण हिरवळीच्या खतासाठी पेरतो. यादीतल्या सहांपैकी दोन गोष्टी बांधावर उभ्या आहेत, हे ऐकून ते दुसऱ्याच दिवशी तागाचा वाख घेऊन हजर. तीनपेडी दोरी वळली, आणि नवा वाख जोडताना तिन्ही पेडांत जोड वेगवेगळ्या ठिकाणी येतील याची काळजी घेतली. एका जागी जोड आले की दोरी तिथेच जाते, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

चौपटीचा नियम इथे कामाला आला. लहान मुलांचं बांबूचं धनुष्य २२ पौंडांचं, म्हणजे दहा किलोचं. दोरीनं निदान चाळीस किलो तोलायला हवेत. दोन जार टांगले, वर सिमेंटची अर्धी गोणी बांधली, पासष्ट किलो झाले आणि दोरी हूं की चूं करत नव्हती. जाडी साडेचार मिलिमीटर, त्यामुळे प्लास्टिकच्या नॉकमध्ये बसणं शक्यच नव्हतं. त्या धनुष्यासाठी बांबूच्या बाणांना मागे हातानं रुंद खाच केली. पाचवी-सहावीची पोरं तेच वापरतात. पावसाळ्यात मात्र ती दोरी कोरड्या डब्यात ठेवावी लागते. ओलीनं तागाची ताकद लगेच जात नाही, पण ओल टिकली की वाख कुजतो. ३६ पौंडांच्या धनुष्याला मी ती लावू दिली नाही. आजोबा थोडे खट्टू झाले, पण ऐकलं.

दिवाळीनंतर बारापदरी दोरी उतरवून तपासली. अडीच हजारांच्या आसपास बाण सुटले असतील. पदर एकही तुटलेला नाही. वरच्या फासाचं सर्व्हिंग केसाळ झालं होतं, मधलं सर्व्हिंग नॉकखाली चपटं. बाभळीच्या खाचेत काजळ चोळून पुसलं, रेघ राहिली नाही. दुसरी दोरी मुलीनं स्वतः वळली, फास आजोबांनी तपासले. तिच्या भात्याच्या खिशात आता एक पुठ्ठा असतो. त्यावर बॉलपेननं लिहिलंय: १२ पदर, २ पेड, फासाशी ४ जादा, पीळ २६, मूठ सहा इंच तीन सूत.